ओहायोतल्या छोट्या व्हिलेजमध्ये राहायला जावं का? तिथे सोयी, इतिहास वगैरे काही असतं का?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य नसतं तर मी उत्तर लिहायला बसलेच नसते. नवऱ्याला डेटनजवळ नोकरी लागतेय, जवळच्या एखाद्या व्हिलेजमध्ये घर घ्यावं का, सोयी काय मिळतील, इथपर्यंत ठीक होतं. पण “इतिहास वगैरे काय असणार म्हणा, दीडदोनशे वर्षांची तर गावं” हे जे जाता जाता लिहिलंयत ना, ते लागलं. मी डेटनजवळच्याच येलो स्प्रिंग्ज या व्हिलेजमध्ये पंचवीसेक वर्षं राहतेय आणि हेच वाक्य आमच्या भाऊजींच्या तोंडून पुण्यात बसून दहादा ऐकलंय.

आधी सोयी सांगून मोकळी होते. ओहायोत व्हिलेज म्हणजे खेडं नव्हे. वस्ती पाच हजारांच्या आत असली की कायद्यानं व्हिलेज, वर गेली की सिटी. आमची २०२०च्या जनगणनेत ३,७००च्या आसपास होती. वीज गावाचीच, म्हणजे गाव ती घाऊक विकत घेतं आणि स्वतःच्या तारांवरून घरोघरी पोचवतं. पोलीस गावाचे, बंब आणि अँब्युलन्स मायामी टाउनशिपची (म्हणजे आजूबाजूच्या भागाचा कारभार बघणाऱ्या संस्थेची), वाचनालय काउंटीचं, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं. कशासाठी जादा कर द्यायचा यावर लोक मतदान करतात, आणि त्या दिवसांत गावच्या साप्ताहिकात वाचकांची पत्रं बघावीत, आपल्याकडच्या सोसायटीच्या सभेची आठवण येते. मोठं इस्पितळ गावात नाही, जवळच्या झीनिया शहरात नाहीतर डेटनकडे जायचं. कढीपत्त्यालाही डेटनकडेच.

आता इतिहास.

आमचे हे २०१६च्या ऑगस्टात गेले. त्या डिसेंबरात एका सकाळी दाराची घंटा वाजली. बाहेर गावच्या कामगारांपैकी एक उभा, रस्त्यावरचा बर्फ काढतो तोच. एका खांद्यावर पिठाची पिशवी, दुसऱ्या काखेत साखरेची. दहा-दहा पाउंड, म्हणजे साडेचार-साडेचार किलो. मी म्हटलं, बाबा, घर चुकलास. त्यानं खिशातून यादी काढली, माझ्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाला, गॉन्टकडून आहे. मी विचारलं, कोण गॉन्ट? त्याला हसू आवरेना, कारण माझा मुलगा ज्या तलावात पोहायला शिकला तो गॉन्ट पार्कमधला. इतकी वर्षं त्या पाटीखाली गाडी लावली, पण माणूस कोण हे विचारायचं सुचलं नव्हतं. पिशव्या ओट्यावर ठेवून, बूट पुसायच्या पायपुसण्यावरूनच तो परत गेला. मग कळलं, यादी विधवांची होती. नाव शेजारणीनं परस्पर गावच्या ऑफिसात कळवलं होतं.

व्हीलिंग गॉन्ट केंटकीत गुलाम म्हणून जन्मला. मिळेल ते काम करून त्यानं पैसे साठवले आणि ९०० डॉलर मोजून मालकाकडून स्वतःलाच विकत घेतलं. पुढे बायकोलाही सोडवलं. १८६०च्या दशकात तो इथे आला, जमीनजुमला केला, आणि १८९४मध्ये वारला तेव्हा नऊएक एकर जमीन गावाच्या नावे करून गेला. अट एकच: तिच्या भाड्यातून गावातल्या गरीब, लायक विधवांना पीठ द्यायचं. पुढे त्या जमिनीवर पार्क झालं, भाडं येईनासं झालं. पण गावानं पीठ थांबवलं नाही, उलट साखर वाढवली. १२५ वर्षं उलटून गेली तरी ख्रिसमसच्या आधी गावचा माणूस पिशव्या घेऊन दारात येतो. २०२१मध्ये त्याचा पुतळाही बसवला. पुतळे काय, सगळीकडे बसतात. पीठ पोचवणं अवघड.

हे सगळं मी त्याच रात्री उत्साहानं फोनवर भाऊजींना सांगितलं. तिकडून आधी काहीच आवाज आला नाही. मग म्हणाले, “आपल्या घरात दान घेत नाहीत. आणि विधवा म्हणून दारात आलेलं पीठ? परत करा ते.” मी म्हटलं, कोणाला परत करू, तो माणूस १८९४मध्ये गेला. तर म्हणाले, “तुम्ही गरीब आहात का?” नाही. पण मला ते कोणी विचारलंच नव्हतं. माझी पासबुकं बघून पीठ दिलं नव्हतं, नवरा गेला म्हणून दिलं होतं. हा फरक भाऊजींना तेव्हाही कळला नाही आणि पुढे इतक्यांदा वाद झाला तरी कळलेला नाही.

वर तेच वाक्य: असल्या गावाला कसला इतिहास! भाऊजी शिक्षणशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. विद्यापीठ शिक्षणावरच्या १९४८-४९च्या राधाकृष्णन आयोगाचा अहवाल त्यांना कलमागणिक पाठ. ग्रामीण विद्यापीठं काढा म्हणणाऱ्या त्या आयोगात आर्थर मॉर्गन नावाचे एक अमेरिकन सदस्य होते. ते आमच्या गावचे. पेशानं इंजिनियर, १९१३च्या महापुरानंतर या मायामी खोऱ्यात धरणं बांधणारे, १९२०पासून आमच्या अँटिऑक कॉलेजचे अध्यक्ष, पुढे टेनेसी खोऱ्याच्या सरकारी प्राधिकरणाचे पहिले प्रमुख. लहान गावं जगली पाहिजेत या एकाच ध्यासापायी १९४०मध्ये त्यांनी इथे संस्था काढली. भाऊजींनी आयुष्यभर ज्या अहवालावर व्याख्यानं दिली, त्यावर सही करणाऱ्याचं गाव मी रोज पायी फिरते. हे सांगितलं तर म्हणाले, “असेल.”

पीठ आलं त्याच्या पुढच्याच जानेवारीत मी पुण्याला गेले. तिळगुळाच्या डब्यासोबत शंकरपाळ्यांचा मोठा डबा नेला होता. पीठ आणि साखर एकदमच दारात आल्यावर दुसरं काय करणार? (अमेरिकेतल्या ऑल पर्पज पिठात चिकटपणा जास्त, म्हणून मोहन हात सैल सोडून घालावं लागतं, नाहीतर शंकरपाळे चिवट होतात. तूप आणि साखर दुधात नीट विरघळवून, कोमट झाल्यावर मावेल तेवढंच पीठ. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं.) घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. जाऊबाई वाईट नाहीत, अगदी प्रेमानं म्हणाल्या, “तू दमली असशील, आत पड जरा.” मी आत पडले. दाराच्या फटीतून बांगड्या, वाणाची भांडी, हसणं, सगळं ऐकू येत होतं. २०२२मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांच्या असल्या प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा मी भाऊजींना बातमी पाठवली होती. त्यांनी अंगठा पाठवला.

तर तुम्हाला सांगायचं ते हे: घर बघायला जाल तेव्हा शाळेचं रेटिंग आणि घराचा भाव सगळेच बघतात. तुम्ही विचारा की या गावात नवरा गेलेली बाई, एकटा म्हातारा, यांची यादी कोणाकडे असते. घरं विकणारा गोंधळून जाईल. शेजारीण सांगेल.

हो, एक सांगायचं राहिलं. येलो स्प्रिंग्ज हे मिडवेस्टचं, म्हणजे अमेरिकेच्या या मधल्या पट्ट्याचं, सरासरी गाव नाही, त्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधू नका. कॉलेजमुळे इथली हवा वेगळी. तेही २००८मध्ये बंद पडलं, २०११मध्ये पुन्हा सुरू झालं, तोवर गाव सुतकात असल्यासारखं होतं. घरं आजूबाजूच्या मानानं महाग आहेत. शनिवार-रविवारी पाहुण्यांच्या गाड्यांनी मुख्य रस्ता भरतो. आणि जी गावं खरंच तीन-चारशे वस्तीची आहेत, तिथे शाळा केव्हाच शेजारच्या गावात गेलेली असू शकते, बंबावर गावातलीच हौशी माणसं असतात. ते चालत असेल तरच जा. नवरा कामावर गेल्यावर तुम्हाला गाडी चालवता येत नसेल तर मात्र जाऊच नका, आधी लायसन काढा.

आणि भाऊजी, तुम्ही इथली उत्तरं वाचता हे मला माहीत आहे. त्या दिवशी हळदीकुंकवाला बायकांच्या बशीत जाऊबाईंनी जे शंकरपाळे वाढले, आणि सगळ्या गेल्यावर तुम्ही डबा मांडीवर घेऊन बसलात, “बाहेरचे वाटतच नाहीत” म्हणालात, ते त्याच पिठाचे होते. साखरही तीच.