मावशी, तुम्ही भूत बघितलंय का?

संपादकांनी या खेपेला पिशवीभर पत्रं पाठवली. भुताखेतांची पुस्तकं लिहिणाऱ्या बाईला लोक काय काय विचारतील याचा नेम नाही. एकानं तर घराची वास्तुशांत कुणाकडून करून घ्यावी, असंही विचारलंय. ते सोडून बाकीच्यांपैकी पाचांना उत्तरं देते.

मावशी, तुम्ही खरंच भूत बघितलंय का? खोटं सांगू नका.
*(इयत्ता सातवी, गारगोटी)*

नाही रे बाळा. खोटं नको म्हणालास म्हणून सांगते, मी साधा मुंजासुद्धा बघितलेला नाही. बघायला जायचे ते माझे दोघे थोरले भाऊ. आमचं घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, पंचगंगेचा घाट चालत पाच मिनिटांवर. मे महिन्यात जेवणं उरकली की पेठेतली पोरं पैज लावून स्मशानाच्या कडेनं चक्कर मारून यायची. मी तेव्हा अकरा वर्षांची. दिवेलागणीनंतर मुलीनं उंबरा ओलांडायचा नाही, हा आजीचा कायदा. मग मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायची, कारण तिथूनच गल्लीचं तोंड दिसायचं. लाइट गेलेली, खाली आजीच्या मिश्रीचा वास, वर पत्र्यावर मांजर चालल्याचा आवाज. भाऊ अर्ध्या तासात परत यायचे आणि सांगायचे काय, तर घाट ओला होता आणि एक कुत्रं मागं लागलं. एवढंच! बाकीचं सगळं माझं पायरीवर बसून बघून झालेलं असायचं. माझ्या प्रत्येक पुस्तकात कंदील घेऊन सगळ्यात पुढं मुलगी असते ना, ते आजीवर काढलेलं उट्टं आहे.

तुमची विहिरीची गोष्ट वाचून आमचा नऊ वर्षांचा मुलगा दोन रात्री आमच्यात झोपला. मुलांना किती घाबरवायचं याला काही माप आहे का?
*(एक आई, इचलकरंजी)*

दोन रात्रींबद्दल माफ करा. माप आहे, पण ते मला चूक करून कळलं. माझ्या दुसऱ्या पुस्तकात पहिल्यांदा भूत पलंगाखाली होतं. कच्चं लिखाण मी भाचीच्या पोरांना वाचून दाखवते. एरवी "मग? मग?" करणारी ती पोरं त्या पानाला गप्प झाली आणि धाकट्यानं पाय वर ओढून घेतले. त्याचं तोंड बघून मी ते प्रकरण फाडलं. स्वतःच्या अंथरुणातून उठून पोरगं पळणार कुठं?

ते भूत मग मी पन्हाळ्याला हलवलं, अंधारबावीत. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते: ही तीन मजली इमारत आहे, तळाला विहीर, आणि मधल्या मजल्यावरून तटाबाहेर निघणारी चोरवाट. शाळेच्या सहलीत मी तिथं उतरले होते. बाहेर रखरखीत ऊन आणि आत पाय ठेवला की हात गार पडतात. तिथं कितीही घाबरवा, पन्हाळ्याहून मूल संध्याकाळच्या एसटीनं घरी येतं. आल्यावर त्याला खायला मिळालं पाहिजे, हेही मी पाळते. माझ्या पुस्तकात भीतीच्या प्रकरणानंतर भडंग तरी असतो, नाहीतर गरम पिठलं-भाकरी. तुमच्या मुलाला पुढचं प्रकरणही वाचू द्या. तो बहुतेक विहिरीपाशीच थांबलाय.

मी मूळचा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला. तुमच्या गोष्टी नेहमी १९८०च्या आसपासच का घडतात? आजच्या मुलांना भाड्याची सायकल काय कळणार?
*(एक वाचक, पुणे)*

तुम्हाला गहिवर यावा म्हणून नव्हे, एवढं नक्की. दहा वर्षांच्या पोराला आठवणींचा उमाळा नसतो, तो तुमच्या-माझ्यासारख्यांना. पोराला विचारायचं असतं, की सायकल तासाच्या बोलीवर आणलीय, तास संपत आलाय आणि चेन पडलीय ती नेमकी पिंपळाखाली, आता काय? जुनी वस्तू गोष्टीत अशी राबली तर ठेवते, नुसती शोभेला असेल तर काढून टाकते. रॉकेलच्या स्टोव्हवर मी एकदा दीड पान लिहिलं होतं. सुरेख होतं हो, पण कापलं.

मोबाइल मात्र अडतोच. चकवा लागला की माणूस रात्रभर एकाच शेताला फेऱ्या घालतो म्हणतात. हातात नकाशा असल्यावर चकव्यानं काय करावं?

तरी एक गोष्ट मी अलीकडची लिहिली, २०१९च्या महापुराची. आपल्याकडं पावसाळ्यात माणसं एकमेकांना "जेवलास का" विचारत नाहीत, "किती फूट?" विचारतात. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचं पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे पेठेतल्या बारक्या पोरालाही पाठ असतं. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. लाइट नाही, फोन बंद पडलेले, आणि आमच्या जिन्याच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली चाललेल्या. माझी तिसरी पायरी गेली तेव्हा मी वरून टॉर्च मारून बघत होते. पाण्याला आवाज नव्हता. मधनंच एखादं भांडं भिंतीला लागून वाजायचं, तेवढंच. तळघरातल्या ट्रंकेत माझ्या शाळेच्या वह्या होत्या, त्यांचा लगदा झाला. त्या गोष्टीत भूत घालायची गरजच पडली नाही.

यावर घर चालतं का?
*(एक होतकरू लेखक, बेळगाव)*

नाही. घर पतसंस्थेतल्या नोकरीनं चाललं. माझं पुस्तक दीडशे रुपयांचं, मानधन दहा टक्के, म्हणजे प्रतीमागं पंधरा रुपये. हजार प्रतींची आवृत्ती खपायला अडीच वर्षं लागली. एका प्रकाशकानं तर चार वर्षांत हिशेबाचा कागद दाखवला नाही. तुम्ही लिहा, पण करारावर सही करताना चष्मा लावा.

आमच्या मुलांना अशी गोष्ट लिहायची आहे. सुरुवात कुठून करावी?
*(एक शिक्षिका, कागल)*

मोठ्यांनी सांगितलेलं मोजून बघण्यापासून. रंकाळ्याकाठच्या देवळातला नंदी रोज गहूभर पुढं येतो आणि तांदूळभर मागं जातो, तो पाण्याला टेकला की प्रलय, हे कोल्हापुरात कुणी ऐकलेलं नाही? मी आणि धाकट्या दादानं कंपासपेटीतल्या पट्टीनं मोजलं. गहू सहा मिलिमीटर, घरातला घनसाळ तांदूळ पाच. म्हणजे रोजचा एक मिलिमीटर, वर्षाला सव्वा फुटाच्या आसपास. दादा म्हणाला, लांब दाण्याचा तांदूळ धरला तर नंदी मागंच जाईल की! त्यावर आमची मारामारी झाली. शेवटी नंदीच्या खुरापाशी खडूची रेघ ओढायची आणि दुसऱ्या दिवशी बघायचं, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी रेघच नव्हती. पुजाऱ्यांनी पाणी ओतून फरशी धुतली असणार, हे आज कळतं. तेव्हा आम्ही देवळातून जे सुटलो ते थेट घरी. आईनं दारातच विचारलं, "चपला कुठायत?"