दोन पोरांच्या गोष्टी वाचणारी मुलगी

"मॅडम, पोरगी दोन पोरांच्या प्रेमाच्या गोष्टी वाचते. एक-दोन नव्हं, शेकड्यानं वाचल्यात. तिच्यात काही बिघाड असंल का?"

सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या तोंडून आला आहे. कधी आई विचारते, कधी नवरा बायकोबद्दल विचारतो, कधी वाचणारीच विचारते, आवाज अगदी खाली आणून. म्हणून एका मायलेकींची हकिकत लिहिते. दोघींनी परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि मुलीला इथे मुक्ता म्हणते आहे.

आईचं खणभागात पिको-फॉलचं छोटं दुकान. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघतात. थोरली इचलकरंजीला दिलेली. मुक्ता वीस वर्षांची, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. एका रात्री मुक्ता झोपेत असताना तिचा मोबाइल उजळला आणि पडद्यावर कपाळाला कपाळ लावून उभे असलेले दोन तरुण आईला दिसले. दुसऱ्या दिवशी गादीखाली वही सापडली. दोनशे पानी वही, त्यात वाचलेल्या पुस्तकांची यादी, पुढे तारे काढलेले. पुस्तकं सगळी तसलीच.

आईनं हे जावेला सांगितलं. जावेनं कुणाचं तरी नाव सुचवलं, "सहा महिन्यांत पोरं सरळ करून देतात." पैसे भरायच्या आधी एकदा विचारून घ्यावं म्हणून ती माझ्याकडे आली. ती तशी आली याचं मला आजही हायसं वाटतं.

त्या दिवशी बाकी सगळं बाजूला ठेवून मी तिला हेच आधी सांगितलं. समलिंगी असणं हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच ते आजारांच्या यादीतून काढलं. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ कलमातला सज्ञान व्यक्तींच्या राजीखुशीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला. आणि 'बदलून देतो' म्हणणारे उपचार करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं आहे. असल्या उपचारांतून माणूस बदलत नाही, खचतो. आयुष्यभर स्वतःची लाज बाळगणारी माणसं मी समोर बसलेली पाहिली आहेत.

"आणि ताई, हे झालं समलिंगी माणसाबद्दल. तुमची मुलगी तर पुस्तकं वाचते आहे."

"म्हणजे ती तशी न्हाई?"

"मला माहीत नाही. वहीवरून ते कळत नाही."

हे उत्तर तिला आवडलं नाही. पण मुलीला घेऊन यायला ती तयार झाली.

मुक्ता आली, खुर्चीच्या टोकावर बसली. मी आधी इकडचं तिकडचं बोलले आणि मग शक्य तितक्या हळुवारपणे विचारलं, "तुला कुणी मुलगी आवडते का? असलं तरी काही वाईट नाही, इथून बाहेर जाणार नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, मम्मीनं पण हेच विचारलं. तुमचा आवाज तेवढा मऊ आहे."

तिचं बरोबर होतं. मी पुस्तकाकडे लक्षण म्हणून बघत होते. एखादी मुलगी खुनाच्या रहस्यकथा वाचते तेव्हा तिच्या पिशवीत सुरा असेल का, असं आपण विचारत नाही. मी वही मागितली आणि म्हटलं, यातली सगळ्यात आवडती गोष्ट सांग.

पुढची चाळीस मिनिटं मी फक्त ऐकत होते. आमच्याकडच्या मुली बोलतात तसं ती बोलत होती: "मी ही तीनदा वाचलो मॅडम. शेवटाला तर लई रडलो." सांगली-कोल्हापूरकडच्या मुली 'मी आलो, मी जातो' म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना ते ऐकून गंमत वाटते, पण त्यावरून ही मुलगी आहे की मुलगा अशी शंका इथे कुणालाही येत नाही. बोलण्यावरून न काढलेला निष्कर्ष आपण वाचण्यावरून मात्र लगेच काढतो.

वहीत तिनं प्रकार पाडले होते. आधी वैरी, मग प्रेमी. लहानपणचे मित्र. 'स्लो बर्न', म्हणजे तीनशे पानं जातात तेव्हा कुठे एकमेकांचा हात धरतात. आणि सगळ्यात मोठा विभाग बर्फावरच्या हॉकीचा. अमेरिका-कॅनडातल्या या कथांमध्ये हॉकीच्या संघातले खेळाडू फार असतात. सांगलीत बर्फ बघायचा तर रसवंतीत, पण या मुलीला त्या खेळात किती मिनिटांचे किती भाग असतात, कशाबद्दल किती वेळ बाहेर बसवतात, सगळं पाठ होतं. जपानमध्ये १९७० च्या दशकात बायकाच मुलींच्या मासिकांसाठी दोन मुलांच्या प्रेमाच्या चित्रकथा काढायला लागल्या, हे तिनंच मला सांगितलं. त्याच दशकात अमेरिकेत 'स्टार ट्रेक' मालिकेतला कॅप्टन कर्क आणि स्पॉक यांच्यावर हौशी बायका प्रेमकथा लिहून, छापून एकमेकींना टपालानं पाठवायच्या. दोन नावांमध्ये तिरकी रेघ द्यायच्या, म्हणून त्या प्रकाराला 'स्लॅश' नाव पडलं. या कथा वाचणाऱ्या बाईला जपानीत 'फुजोशी' म्हणतात, अर्थ 'सडकी मुलगी'. बायकांनी ते नाव स्वतःच हसत घेतलं.

"म्हणजे मी एकटी न्हाई," ती म्हणाली. हे वाक्य तिनं दोनदा म्हटलं.

मग मी विचारलं, मुलगा-मुलीच्या प्रेमकथा का नाही?

ती बराच वेळ गप्प होती. मग ताईच्या बघण्याच्या कार्यक्रमाचं बोलली. पोह्यांच्या बश्यांचा ट्रे, साडी, उंची विचारणारे काका. लग्नानंतर ताई पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा पहाटे पाचला आपोआप उठून भांडी घासायला बसली होती, ते मुक्ताच्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं. "या गोष्टींत दोघंबी पुरुष असतात मॅडम. मग भांडी कुणी घासायची हे त्यांना बोलून ठरवावं लागतं. कुणाची नोकरी सोडायची, कुणाच्या गावात राहायचं, सगळं बोलून. मला ते बोलणंच वाचायचं असतंय."

इतकं नेमकं उत्तर मला आजवर दुसऱ्या कुणी दिलेलं नाही. अशा कथा आवडणाऱ्या ज्या बायका माझ्याशी बोलल्या, त्यातल्या कित्येकींनी वेगवेगळ्या शब्दांत हेच सांगितलं. बाईचं शरीर गोष्टीत नसलं की वाचणारीला तिथे कुणी तोलत नाही, तिच्यावर कसली जबाबदारी येत नाही. तिला मोकळेपणानं प्रेम बघता येतं. काहींना त्यातले शृंगाराचे प्रसंगही आवडतात आणि सज्ञान बाईला ते आवडण्यात लाजेसारखं काही नाही. काहींना वाचता वाचता स्वतःबद्दल काही उमगतं. तेही होतं, आणि तेव्हाही दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. मुक्ताला मी पुन्हा काही विचारलं नाही. तिनंच जाता जाता सांगितलं, "माझं मला अजून म्हाईत न्हाई. आत्ता फक्त वाचायचं आहे."

खरी अडचण वेगळीच निघाली. ती पहाटे तीनपर्यंत वाचत होती, सकाळची प्रात्यक्षिकं बुडत होती. आम्ही ठरवलं की साडेअकराला मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा. आठवड्यातून चार दिवस तरी ती ते पाळते.

दुसऱ्या भेटीत मी तिला विचारलं, मराठीत काही वाचलंस का? मराठीत असं काही आहे हेच तिला माहीत नव्हतं. मी सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) आणि विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' सांगितलं. पहिल्यात बहीण-भाऊ दोघेही एकाच भाडेकरू तरुणाच्या प्रेमात पडतात. दुसरं नाटक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचं, मुलीवर प्रेम करणाऱ्या मुलीचं. नाटकाची पंढरी म्हणवणाऱ्या सांगलीतल्या मुलीनं ते वाचावं असं मला मनापासून वाटत होतं. तिनं दोन्ही वाचली आणि रागावून आली. "एकात सोडून जातो, एकात ती जीव देते. आपल्याकडं या लोकांना घर का देत न्हाईत?"

मी तिला ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाबद्दल सांगितलं. देवासच्या पवार महाराजांचा सचिव म्हणून तो काही काळ आपल्याकडे राहिला होता. दोन पुरुषांच्या प्रेमाची 'मॉरिस' ही कादंबरी त्यानं १९१३-१४ मध्ये लिहिली. तिचा शेवट सुखाचाच हवा हा त्याचा हट्ट होता. इंग्लंडमध्ये तेव्हा असं प्रेम गुन्हा होतं, म्हणून ती त्यानं हयातीत छापली नाही. १९७० मध्ये तो गेला, १९७१ मध्ये पुस्तक आलं. सुखाचा शेवट लिहायला केवढं धैर्य लागतं हे तिला त्यातून दिसलं असावं. तिच्या हॉकीवाल्यांची लग्नं होतात, कारण कॅनडात २००५ पासून आणि संपूर्ण अमेरिकेत २०१५ पासून कायदा तशी परवानगी देतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १७ ऑक्टोबर २०२३ ला अशा लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. हे ऐकून ती गप्प झाली.

त्या शांततेत मी तिला एक गोष्ट बोलले. ज्यांच्या कथांवर ती एवढा जीव टाकते, ती माणसं कॅनडातच राहत नाहीत. आयर्विन पुलावर संध्याकाळी वारा खायला येणाऱ्यांत असतात, तिच्या वर्गातही असतील.

तिनं मान खाली घातली. वर्गात एक मुलगा होता. चालण्यावरून पोरं त्याला 'बायल्या' म्हणायची. "सगळी हसली मॅडम. मीपण हसलो."

मी तिला दोष दिला नाही, पण वाक्य हलकंही केलं नाही. ती म्हणाली, जाऊन माफी मागू का? त्याला विचारू का, तू गे आहेस का? मी म्हटलं, अजिबात विचारू नकोस. सांगायचं की नाही, कुणाला, कधी, हे सर्वस्वी त्याचं. तुझ्या वहीत भरायला तो काही गोष्टीतलं पात्र नाही. पुढच्या वेळी हसू नकोस, आणि डबा खाताना शेजारची जागा रिकामी असली तर बस. एवढं पुष्कळ आहे.

इथे मला साताऱ्याकडचा एक मुलगा आठवतो. तोही असल्याच कथा वाचायचा, गोधडीत, मोबाइलचा उजेड कमी करून. तो समलिंगी होता आणि हे त्याला स्वतःला ठाम माहीत होतं. तो प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायचा. दोघं जिवंत आहेत आणि एकत्र आहेत याची खात्री झाली की मगच पहिल्या पानावर यायचा. त्याच्याबरोबरचं माझं काम निराळं होतं: घरात कुणाला सांगणं सुरक्षित आहे, नोकरी लागेपर्यंत कुणावर विसंबता येईल. पुस्तकं मुक्ताचीच, पण त्याला ती जगायला लागत होती.

आईशी मी तीनदा बोलले. तिची भीती 'लोक काय म्हणतील'पेक्षा खोल होती. स्थळं यायला लागली होती आणि आपली लेक लग्नाला नाही म्हणेल, हे तिला आतून कळलं होतं. पुस्तकांवर राग काढणं त्या मानानं सोपं होतं. मी तिला एवढंच सुचवलं की एक दिवस 'हे कशाला वाचतीस' असं न विचारता 'आज काय वाचलंस' असं विचारून बघा.

महिनाभरानं ती एकटीच आली. बसल्या बसल्या सांगू लागली. एका संध्याकाळी वीज गेली, मशीन थांबलं, दुकानात दोघीच. तिनं विचारलं. मुक्तानं आधी अंदाज घेतला, मग हॉकीवाल्या दोघांची गोष्ट सुरू केली. एक संघाचा कप्तान, दुसरा समोरच्या संघाचा गोलकीपर. वीज आली तरी मशीन सुरू झालं नाही.

"भांडत्यात हो ते दोघं, पण बोलत्यात बघा," आई म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. आमच्यात असं बसून बोलणं कधी झालंच न्हाई."

मग पदर सारखा करत म्हणाली, "गोष्ट अर्ध्यातच ऱ्हायली. परीक्षा झाल्यावर सांगतो म्हणाली. तो गोलकीपर घरात खरं सांगून बाहेर पडलाय, आणि बाहेर बर्फ पडतोय. कुठं गेला असंल ओ?"