विचारा बिनधास्त: दाण्याच्या तिखट नूडल्सचा गोळा का होतो?

मागच्या अंकात दाण्याच्या तिखट नूडल्सची कृती दिली होती, चारच ओळींची, जागाच तेवढी उरली होती. भाजलेले दाणे बारीक वाटायचे, त्यात सोया सॉस, व्हिनेगर, गूळ, लसूण आणि मिरचीचं तेल घालायचं, नूडल्सच्या गरम पाण्याने सैल करायचं आणि उकडलेल्या नूडल्स त्यात घोळवायच्या, बास. त्यावर इतके मेल आणि मेसेज आलेत की यावेळचं सगळं पान त्यालाच देऊन टाकलंय. इडलीचं पीठ न फुगणारे आणि फ्रिजमध्ये कोथिंबीर काळी पडणारे, तुमचा नंबर पुढच्या महिन्यात, रागावू नका.

ताई, घरात दाण्याचा कूट कायम तयार असतो म्हणून तोच घेतला. सोया सॉस घातल्याबरोबर सगळं घट्ट पिठल्यासारखं झालं, म्हणून पाणी घातलं तर कूट खाली आणि पाणी वर. नवरा म्हणाला छान झालीय नूडल्सची उसळ. पीनट बटर विकत आणावंच लागेल का?
– कोथरूड, पुणे

अजिबात नाही. कूटच घ्या, फक्त अजून वाटा. खिचडीला, कोशिंबिरीला आपण कूट मुद्दाम भरड ठेवतो आणि तिथे ते बरोबरच आहे, पण भरड कुटात दाण्याचं तेल आतच अडकून राहतं. दाण्याच्या वजनात जवळजवळ निम्मं तेल असतं, ते बाहेर आलं पाहिजे. मिक्सर चालू ठेवला की आधी कूट होतो, मग तो भांड्याच्या कडेला चिकटून बसतो आणि पातं नुसतंच फिरत राहतं, इथे बहुतेक लोक हात टेकतात. टेकू नका. कडा खरवडा, परत फिरवा, परत खरवडा, आधी गोळा होईल आणि मग तेल सुटून एकदम सैल, चकचकीत, चमच्यावरून ओघळणारं होईल. दाणे कोमट असतानाच वाटले तर लवकर होतं. छोटं भांडं घ्या आणि मधेमधे मिक्सरला जरा विश्रांती द्या, नाहीतर मोटर तापून वास यायला लागतो. फारच अडलं तर चमचाभर शेंगदाण्याचं तेल चालेल, पाणी मात्र या टप्प्यावर थेंबभरही नाही.

आता सोया सॉस घातल्यावर जे घट्ट झालं ना, ते कितीही बारीक वाटलंत तरी होणारच आहे. वाटलेले दाणे म्हणजे तेलात पसरलेले बारीक बारीक कण, त्यात थोडंसंच पातळ काही गेलं की ते कण पाणी शोषून एकमेकांना चिकटतात आणि सगळं आवळून येतं. लोक घाबरून इथे तेल ओततात, मग ताटात तेलाचा तवंग. तेल नको, गरम पाणी घाला, एकदम नाही, दोन दोन चमचे, आणि घोटत रहा, आधी अजूनच घट्ट वाटेल पण तरी घोटा. एका क्षणी ते उलटतं, म्हणजे आता तेलच बारीक थेंबांनी पाण्यात मिसळतं, रंग फिकट होतो आणि सॉस मलईदार दिसायला लागतो. पाणी नूडल्स शिजवलेलंच घ्या, त्यात पीठ उतरलेलं असतं म्हणून सॉस फाटत नाही आणि नूडल्सला धरून राहतो. तुमचा कूट भरड होता म्हणून तो पाण्यात मिसळलाच नाही, नुसता भिजला.

दोघांसाठी अंदाज सांगते. १५० ग्रॅमच्या नूडल्सच्या पाकिटाला साधारण ८० ग्रॅम भाजून सोललेले दाणे, दीड टेबलस्पून सोया सॉस, दोन टीस्पून व्हिनेगर, एक टीस्पून किसलेला गूळ, ठेचलेल्या चार लसूण पाकळ्या, दोन टेबलस्पून मिरचीचं तेल आणि पाणी अर्ध्या कपाच्या आसपास. मीठ शेवटी, चव घेऊनच, सोया सॉस भयंकर खारट असतो. सॉस तुम्हाला हवा त्यापेक्षा पातळच ठेवा कारण ताटात जाईपर्यंत नूडल्स पाणी पितात. आणि सॉस गॅसवर उकळत ठेवायचा नाही, तेल सुटून वर येतं, नूडल्सची ऊब पुरते.

दाणे मंद आचेवरच भाजा, दहा-बारा मिनिटं लागतात, लागू देत. बाहेरून काळे आणि आतून कच्चे असले की सॉसला कच्चट, शेंगेसारखा वास येतो आणि तो मग लसणानेही झाकत नाही. सालं काढा, कडवट लागतात. खवट किंवा बुरशी लागलेले दाणे दिसले तर सरळ टाकून द्या, भाजल्याने बुरशीचं विष पूर्णपणे जात नाही. विकतचं पीनट बटर असेल तर वापरा की, पण त्यात साखर आहे का बघा आणि असेल तर गूळ वगळा.

मिरचीचं तेल म्हणजे नेमकं काय? आमच्याकडे कांदा लसूण मसाला आहे, तेलात तोच परतून घेतला तर?
– कोल्हापूर

चव वाईट लागणार नाही, कोल्हापूरचा मसाला कशात वाईट लागतो, पण त्यात खोबरं, तीळ, धणे सगळंच आलं, मग पहिला घास घेतल्यावर मिसळच आठवणार. एकदा साधं मिरचीचं तेल करून बघा, मग ठरवा.

रंगाला आठ-दहा ब्याडगी, तिखटाला तीन-चार संकेश्वरी किंवा लवंगी. मिरच्या कोरड्याच जराशा भाजून भरड कुटा, बिया असू देत. स्टीलच्या किंवा काचेच्या जाड भांड्यात ठेवा, प्लास्टिक नको. वाटीभर तेलात चक्रीफूल, दालचिनीचा तुकडा आणि एखादं तमालपत्र घालून मंद तापवा, मसाल्याचा रंग बदलला की काढून टाका. मग तेल चांगलं तापवून गॅस बंद करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. हे थांबणंच सगळ्यात महत्त्वाचं, धूर येणारं तेल ओतलंत तर मिरची काळी पडून कडू होते आणि सगळं वाया. मिरचीची एक पाकळी टाकून बघा, फसफसली पण काळी झाली नाही की तेल तयार. आधी थोडं ओता, ढवळा, मग उरलेलं. वरून तीळ टाका. दुसऱ्या दिवशी रंग आणि वास दोन्ही खुलतात.

यात कच्चा लसूण घालून बाटली ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा नसते आणि अशा ठिकाणी कच्च्या लसणातून बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, वास किंवा रंगावरून काही कळतही नाही. लसूण आयत्या वेळी सॉसमध्ये ठेचून घाला.

बऱ्याच जणांनी विचारलंय की बाजारातली शेझवान चटणी चालेल का. चालेल, पोट भरेल, पण तिचा सिचुआन या चीनच्या प्रांताशी संबंध जेमतेम नावापुरता, ती आपली लसूण-मिरचीची चटणी आहे, बहुतेक बाटल्यांत ज्या मसाल्यासाठी सिचुआन प्रसिद्ध आहे तोच नसतो. आणि तो कोणता, हे पुढच्या पत्रात आलंच आहे.

माझी नात अमेरिकेत असते. ती म्हणते आजी, खऱ्या नूडल्सला सिचुआन पेपर लागतो, जीभ बधिर होते त्याने. तिने पुडी पाठवली, मी वास घेतला तर मला आपली तिरफळंच वाटली! मी म्हातारी वेडी झालेय की काय?
– रत्नागिरी

आजी, तुमचं नाक एकदम बरोबर आहे. दोन्ही एकाच कुळातली, झँथोझायलम. तिरफळ म्हणजे झँथोझायलम रेट्सा आणि सिचुआनवाली त्याच घरातली दुसरी झुडपं. नावात पेपर असला तरी काळ्या मिरीशी काही नातं नाही, हे कूळ लिंबा-संत्र्यांच्या घराण्यातलं, म्हणून तर तो आंबूस सुगंध. दोन्हींत कामाचं ते वरचं साल, आतली काळी बी टाकायची. जीभ झिणझिणते ती सॅनशूल नावाच्या द्रव्यामुळे, ते स्पर्श ओळखणाऱ्या नसांनाच चाळवतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१३ मध्ये लोकांच्या ओठांना ही पूड लावून मोजलं, तर ते झिणझिणणं सेकंदाला सुमारे ५० वेळा थरथरण्याइतकं भरलं.

नातीला एक सांगा, तिच्या अमेरिकेतच १९६८ ते २००५ या मसाल्याच्या आयातीवर बंदी होती, लिंबूवर्गीय झाडांच्या रोगाच्या भीतीने. म्हणजे तिच्या जन्माच्या आसपास तिथल्या दुकानात हे मिळणं मुश्कीलच होतं आणि तुमच्या डब्यात तेव्हाही तिरफळं होतीच.

आता वापरायचं कसं. बांगड्याच्या तिखल्यात आपण तिरफळं नुसती ठेचून टाकतो आणि खाताना बाजूला काढतो. इथे तसं नाही, बी काढून सालं कोरड्या तव्यावर अर्धा मिनिट शेकायची, बारीक कुटायची, चाळायची, आणि अगदी शेवटी नूडल्सवर भुरभुरायची. दोघांना पाव चमचा पुरे. तिरफळाचा वास सिचुआनवालीपेक्षा जरा रानटी असतो, मला स्वतःला दाण्याबरोबर तोच जास्त आवडतो, पण नातीला हे कबूल होईल असं वाटत नाही.

खऱ्याचंच म्हणाल तर सिचुआनच्या दानदान नूडल्स, ज्या पूर्वी खांद्यावर कावड घेऊन फिरणारे विक्रेते विकायचे, त्यात दाण्याचा दाट सॉस नसतोच. मिरचीचं तेल, ही झिणझिणी, खारवलेली मोहरीची पानं, बहुतेक वेळा खिमा, कुठे तिळाची पेस्ट, आणि दाणे फक्त वरून भरडून. तीळ वाटून घालायचं खरं वेड वुहानच्या नूडल्सचं. पीनट बटरचा सढळ हात पडला तो न्यूयॉर्कच्या चायनीज हॉटेलांकडे, १९७० च्या दशकात तिथे तिळाच्या थंड नूडल्स गाजल्या त्या काळात. म्हणून आपण करतो ती मूळ कृती नाही, पण तिला कमी लेखायचं कारणही नाही, दाणे आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडांतून आलेले, चीनलाही आणि आपल्यालाही.

मुलाच्या वाढदिवसाला हे करायचा विचार आहे पण वर्गातल्या एकाला पीनट अ‍ॅलर्जी आहे. त्याच्यासाठी दाण्याऐवजी तीळ घालून वेगळा सॉस केला तर चालेल ना?
– न्यू जर्सी

नको. त्या दिवशी हा पदार्थच नको. तीळही तिकडे मोठ्या अ‍ॅलर्जींच्या यादीत आहे, १ जानेवारी २०२३ पासून पाकिटावर तसं लिहिणं बंधनकारक आहे. शिवाय तोच मिक्सर, तोच झारा, तीच कढई, आणि आपल्या घरात तेल बरेचदा घाण्याचं शेंगदाण्याचं, त्यात दाण्याचं प्रथिन राहतं. त्या मुलाच्या आईला फोन करा, त्याला काय चालतं ते विचारा आणि सगळ्यांना तेच करा. नूडल्स घरच्या घरी नंतर खा.

होस्टेलवर फक्त इलेक्ट्रिक केटल आहे. काही जमेल का?
– छत्रपती संभाजीनगर

जमेल रे. इन्स्टंट नूडल्स घे, वाडग्यात घालून उकळतं पाणी ओत, झाकून ठेव. केटलमध्ये नूडल्स शिजवू नकोस, उतू जाऊन तळाला चिकटतात आणि मग रूममेटचा चहा आठवडाभर मसाल्याचा लागतो. मऊ झाल्या की पाणी एका कपात काढून घे, फेकू नको. दोन चमचे पीनट बटर, पाकिटातला निम्माच मसाला, लिंबू, आणि ते कपातलं पाणी थोडं थोडं. घरून सोलापुरी शेंगदाण्याची चटणी येत असेल तर वरून तीच टाक, त्यात तिखट, मीठ, लसूण सगळं आहे, मग मसाल्याचं पाकीटही नको. कांदा बारीक चिरून घातलास तर राजेशाही.

घरच्या हातशेवया आहेत खूप, त्या चालतील का? आणि नूडल्स नेहमी चिकटतात त्याचं काय?
– लातूर

शेवया फार बारीक, दाट सॉसच्या वजनाने तुटतात आणि त्यांचा सांजा होतो. फारच हौस असेल तर मिनिटभरच उकळा आणि सॉस खूप पातळ ठेवा. पण त्या खिरीलाच ठेवा असं माझं मत.

हक्का नूडल्स चिकटतात कारण पाणी कमी असतं. मोठं पातेलं घ्या, खळखळ उकळी येऊ द्या, घातल्याबरोबर पहिलं मिनिट काट्याने हलवत रहा, आणि पाकिटावर लिहिलंय त्याच्या एक मिनिट आधी काढा. गरम खायच्या असतील तर थंड पाण्याखाली धरू नका, सरळ सॉसमध्ये. थंड खायच्या असतील, उन्हाळ्यात मस्त लागतात, काकडी किसून घालायची, तर मात्र धुवा, निथळा आणि चमचाभर तीळतेल चोळा.

उपवासाला काही करता येईल का असं?
– नाव नको, सासूबाई अंक वाचतात

नूडल्स आणि सोया सॉस बाद. पण दाण्याची आमटी आणि वरीचे तांदूळ हे तरी वेगळं काय आहे, वाटलेले दाणे, हिरवी मिरची, जिरं, गूळ, कोकम. तीच आमटी जरा घट्ट ठेवून उकडलेल्या रताळ्याच्या लांब फोडींवर ओता. सासूबाईंना सांगा मी सांगितलंय.

उरलेलं फ्रिजमध्ये ठेवलं तर दुसऱ्या दिवशी दगड होतो.
– ठाणे

सॉस आणि नूडल्स वेगवेगळे ठेवा. सॉस झाकून चार-पाच दिवस राहतो, घट्ट होणारच, चमचाभर उकळतं पाणी घालून घोटला की परत सैल. एकत्र झालंच असेल तर मायक्रोवेव्हच्या आधी दोन चमचे पाणी शिंपडा आणि झाका. लिंबू नव्याने पिळा, आदल्या दिवशीचं आंबट रात्रीत मरतं.