आधी फटी बुजवा, फोमचं नंतर बघू

शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू असताना घरात रेकॉर्डिंग करायचंय ना? मग भिंतीला फोम आणि अंड्यांचे ट्रे चिकटवायला धावू नका. त्यानं खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज अडत नाही. आवाज अडवतं ते वजन आणि हवाबंदपणा. दाराखाली बोटभर फट राहिली तर बाकीचा खर्च पाण्यात. म्हणून आधी दाराला रबरी पट्टी, पोकळ फ्लश दाराऐवजी भरीव दार, खिडकीला आतून चार बोटं अंतर सोडून दुसरी जाड काच.

घरात जुनी माळवदाची खोली असेल तर तीच घ्या. तिच्या दगड-मातीच्या भिंतींची सर चार इंची विटेला नाही.

काँक्रीट फोडणाऱ्या ब्रेकरची धडधड मात्र जमिनीतून, घराच्या पायातून चढते. तिच्यावर घरगुती उपाय नाही. मिस्त्रीला भेटून तोडफोडीची वेळ विचारून ठेवा. रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायला नियमानंच बंदी आहे, तीच तुमची वेळ.

आणि हो, हवाबंद खोलीत कूलर चालत नाही. मराठवाड्यातला मे महिना आहे, दर अर्ध्या तासाला दार उघडाच.