वाट चुकली की आधी थांबा

प्रश्न : जंगलात पायवाट हरवली, आभाळ भरून आलेलं आणि फोनला रेंज नाही. अशा वेळी एकच दिशा धरून सरळ चालत राहिलं, तर कुठेतरी रस्ता लागेलच ना?

उत्तर : तसं धरून चालू नका. खुणेशिवाय माणसाला सरळ चालताच येत नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात, सूर्य ढगाआड असताना जंगलात सोडलेली माणसं गोल फिरून आपलीच वाट ओलांडत होती, तेही नकळत.

शंका आली की तिथेच थांबा. ‘थोडं पुढे जाऊन बघू’ हे सगळ्यात महागात पडतं. बसा, पाणी प्या आणि ‘इथवर वाट नक्की बरोबर होती’ अशी शेवटची जागा आठवा. ती बहुतेकदा फार मागे नसते. फांदीला भडक रुमाल बांधा आणि आलो असं वाटतं त्या बाजूला शंभर पावलं मोजत जा. रुमाल दिसेनासा होण्याआधी दगडावर दगड ठेवून पुढची खूण करा. वाट नाही सापडली तर रुमालापाशी परत या, मग दुसरी बाजू. सरळ चालायला समोरची एका रेषेतली दोन झाडं धरा. पहिल्यापाशी पोचण्याआधीच दुसऱ्याच्या मागचं तिसरं हेरून ठेवा.

ओढ्याच्या कडेने उतरलं की वस्ती लागते म्हणतात, पण मध्येच धबधबा किंवा कडा आला तर ना खाली जाता येत ना वर. रेंज नसली तरी फोनचं जीपीएस चालतं; नकाशा मात्र निघण्यापूर्वीच उतरवून ठेवलेला हवा. अंधार पडू लागला की चालणं बंद. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा.

प्रश्न : होकायंत्र धरून ४० अंशांवर गेलो, २२० वर परतलो, तरी पायवाटेवरचा फाटा सापडला नाही. असं का?

उत्तर : तुमची बेरीज बरोबर आहे, परतीला १८० मिळवायचेच. पण पाच अंशांची चूकसुद्धा किलोमीटरभरात जवळजवळ ८७ मीटर बाजूला नेते आणि दाट झाडीत तेवढ्यावरचा फाटा दिसत नाही. फोन किंवा सुरी जवळ असली तरी सुई सरकते. पायवाट आडवी येत असेल तर मुद्दाम २१० धरा. मग फाट्याच्या डावीकडेच निघाल, आणि वाट लागली की बिनदिक्कत उजवीकडे वळायचं.