सुई टोचून झाली, पुढे ती जाते कुठे?

मागच्या अंकात इन्सुलिन कसं घ्यायचं ते लिहिलं होतं आणि त्यावर जी पत्रं आली ती जवळपास सगळी घेतल्यानंतरची, म्हणजे वापरलेल्या सुईचं करायचं काय. मला फार बरं वाटलं, कारण ग्रामीण रुग्णालयात तीस वर्षं नर्स म्हणून काढली पण हा प्रश्न मला घरच्या माणसांनी क्वचितच विचारला. म्हणून या वेळी बाकीची पत्रं बाजूला ठेवून सुयांचीच घेतलीत.

सिस्टर, सासूबाईंना सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन असतं, मीच देते. सुईला टोपण लावून कॅरीबॅगमध्ये टाकते आणि ती पिशवी उकिरड्यावर जाते. सासूबाईंचं एकच, "काही व्हत नही." पण आता शेणखत भरायला मजूर बाया येणार आहेत, तेव्हापासून मनात धाकधूक आहे. चुलीत टाकली तर चालेल का? (चोपडा तालुका)

ताई, तुमची धाकधूक खरी आहे. दिवसाला दोन म्हणजे वर्षाला 730 सुया झाल्या, आणि त्या एका घरातून. उकिरड्यातलं खत पाटीत भरताना बाया हातानेच भरतात, मग ते शेतात पसरतं, तिथे अनवाणी पाय असतात. टोपण लावलेलं असलं तरी कॅरीबॅग गुरांनी फाडली की टोपण कुठे आणि सुई कुठे.

चुलीत अजिबात टाकू नका. प्लास्टिक जळून त्याचा धूर तुमच्याच छातीत जातो आणि सुई जळत नाही, ती राखेत तशीच राहते, आणि ती राख परत उकिरड्यावरच जाते ना. किंवा भांडी घासायला घेतात, ते तर आणखी वाईट.

करायचं एवढंच की घरात एक जाड बाटली सुयांसाठी ठरवून टाका. लिक्विड डिटर्जंटची किंवा फिनेलची, जाड प्लास्टिकची, फिरकीचं झाकण असलेली रिकामी बाटली चालते. पाण्याची पातळ बाटली नको, सुई आरपार येते, आणि काचेची बरणी नको कारण फुटली की सुयांबरोबर काचाही गोळा कराव्या लागतात. बाहेर मोठ्या अक्षरात लिहा, "वापरलेल्या सुया, हात घालू नका". पोरांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा पण इन्सुलिन देता त्या जागेपासून लांब नको, कारण लांब असली की माणूस कंटाळा करतो आणि सुई ओट्यावर राहते, हे मी खूप घरांत पाहिलंय. पाऊण भरली की झाकण घट्ट लावून वरून चिकटपट्टी मारायची. पूर्ण भरेपर्यंत थांबू नका, दाबून कोंबताना टोचतं.

आणि टोपण. तुम्ही दुसऱ्या माणसाला इंजेक्शन देताय, म्हणून टोपण परत लावायचंच नाही. सुई काढली की सिरिंजसकट सरळ बाटलीत. मला स्वतःला नोकरीच्या सुरुवातीच्या काळात टोपण लावतानाच अंगठ्यात सुई गेली होती, तेव्हा माझी मुलगी आठ महिन्यांची, अंगावर पिणारी. पांढऱ्या काविळीची, म्हणजे हेपॅटायटिस बी ची, लस मी घेतलेली नव्हती. शेवटचा रिपोर्ट नीट येईपर्यंतचे ते महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगते. कधी बाटली हाताशी नसलीच तर टोपण टेबलावर आडवं ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवायची, दुसरा हात पाठीमागे.

आता भरलेली बाटली द्यायची कुठे. 2016 च्या घनकचरा नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया आणि सिरिंज घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या, मुदत संपलेल्या गोळ्या, फुटलेला थर्मामीटर, ट्यूबलाइट यांच्याच रांगेत, म्हणजे ओल्या-सुक्या कचऱ्यात त्या मिसळायच्या नाहीत, वेगळ्या द्यायच्या. बऱ्याच खेड्यांत घंटागाडीच नसते, म्हणून मी सांगते की तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नाहीतर ज्या डॉक्टरांकडे, लॅबमध्ये नेहमी जाता तिथे विचारा. त्यांच्याकडे सुयांसाठी पांढरा, आरपार न टोचणारा डबा असतो आणि तो न्यायला दवाखान्यांच्या कचऱ्याच्या प्रक्रिया केंद्राची गाडी येते. आधी विचारून बंद बाटली नेऊन द्या. एका ठिकाणी नाही म्हणाले तर दुसरीकडे विचारा, आशाताईला सोबत घ्या. आणि आजवर उकिरड्यावर गेलेल्या सुयांचं त्या मजूर बायांना आधी सांगा, हाताने नको, फावड्याने आणि पायात बूट घालून भरू द्या.

इन्सुलिनच्या पेनची एकच सुई आठ-दहा दिवस वापरतो, दुखत नाही. काय हरकत? (शिरपूर)

कंपनीने ती एकदाच वापरायला बनवलेली असते भाऊ. वापरून टोक बोथट होतं, जागा घट्ट होऊन गाठी येतात आणि गाठीत टोचलेलं इन्सुलिन नीट लागू पडत नाही, मग साखर वरखाली होते. शिवाय सुई पेनला तशीच राहिली तर आत हवा शिरते, डोस कमी जातो. सुई काढताना मोठं बाहेरचं टोपण लावून फिरवून काढा, बोटांनी नको. तुमचं पेन घरात दुसऱ्या कुणी वापरायचं नाही, सुई बदलून सुद्धा नाही.

सिस्टर, मी घंटागाडीवर काम करतो. पाच दिवसांपूर्वी कचरा वेगळा करताना पिशवीतली सुई तळहातात घुसली, रक्त आलं. मुकादम म्हणाला हळद लाव. बायकोला सांगितलेलं नाही. काही होईल का? (जळगाव जिल्हा)

दादा, पत्र हातात पडलं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला, कारण हे उत्तर छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं. इतरांसाठी इथे सगळं लिहिते.

सुई टोचली की पहिलं काम म्हणजे साबण आणि वाहतं पाणी. दाबून रक्त काढायचं नाही, चोखायचं नाही, स्पिरिट किंवा ब्लीचिंग ओतायचं नाही. आणि त्याच तासाला सिव्हिल हॉस्पिटल गाठायचं, रात्र असली तरी. एचआयव्ही टाळायची औषधं असतात, ती पहिल्या 2 तासांत सुरू झाली तर उत्तम आणि 72 तासांनंतर देऊन उपयोग धरत नाहीत, कोर्स 28 दिवसांचा. द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतात पण ठरवायला तुम्ही वेळेत तिथे पोचलेले पाहिजेत. एचआयव्ही बाधिताच्या सुईने टोचलं तरी लागण साधारण हजारात 3 जणांना होते, म्हणून नुसत्या भीतीने खचू नका.

मला जास्त काळजी पांढऱ्या काविळीची, म्हणजे हेपॅटायटिस बी ची वाटते. त्याचा विषाणू शरीराबाहेर सुकलेल्या रक्तात निदान 7 दिवस टिकतो, आणि लस न घेतलेल्या माणसाला बाधित सुई टोचली तर शंभरात 6 ते 30 जणांना लागण होऊ शकते. पण याला लस आहे. टोचल्यावर 24 तासांत मिळाली तर सगळ्यात चांगली, तरी 7 दिवसांपर्यंत देतात. तुमचे एचआयव्हीच्या औषधांचे 72 तास गेले होते, लसीचे 7 दिवस नव्हते गेले, आणि तुम्ही त्याच दिवशी जाऊन पहिला डोस घेतलात, धनुर्वाताचंही इंजेक्शन घेतलंत, ऐकून माझ्या जिवात जीव आला. पुढचे डोस पहिल्यापासून एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी, विसरू नका. रक्ताची तपासणी आता, मग 6 आठवडे, 3 महिने आणि 6 महिन्यांनी. तोवर निरोध वापरा, रक्तदान करू नका. आणि बायकोला सांगा दादा, हे एकट्याने वाहायचं ओझं नाही. 1097 हा एचआयव्हीबद्दल बोलायचा सरकारी मोफत नंबर आहे, तिथे तिलाही बोलता येईल.

तुमच्या मुकादमाला माझं हे पान दाखवा. जाड ग्लोव्हज, बूट आणि पांढऱ्या काविळीची लस हे गाडीवरच्या प्रत्येकाला टोचायच्या आधी मिळायला हवं.

भंगारवाला रिकाम्या सिरिंज किलोवर घेतो. सुई काढून दिल्या तर चालतील ना? (नवापूर)

नाही. तुमच्या शेजारच्या गुजरातमध्ये, साबरकांठा भागात मोडासा इथे 2009 मध्ये पांढऱ्या काविळीची साथ आली, कितीतरी माणसं दगावली, आणि कारण निघालं ते पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंज आणि सुया. धुऊन, पॅक करून परत विकल्या जाणाऱ्या सिरिंजचा धंदा तेव्हा उघडा पडला होता. भंगारात गेलेली अख्खी सिरिंज कुठे पोचते हे तुम्हाला कधीच कळणार नाही, म्हणून सुईसकट त्याच जाड बाटलीत टाका. हाताने सुई वाकवू नका, मोडू नका, उडते आणि डोळ्यात जाते. आणि गावात कुणीही इंजेक्शन देत असेल तर नवं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, लाजू नका.

बकऱ्यांना लस टोचताना सुई माझ्या बोटात गेली होती, काही झालं नाही. तरी विचारतो. (साक्री)

बरं झालं विचारलंत आबा. जनावरांच्या काही लसी तेलातल्या असतात, त्या बोटात गेल्या तर बाहेरून नुसता ठिपका दिसतो पण आत सूज चढून बोट जाऊ शकतं, तेव्हा लगेच दवाखाना आणि लसीची बाटली सोबत न्यायची म्हणजे डॉक्टरांना कळतं काय गेलंय. गाभण काळातल्या गर्भपाताच्या रोगाची, ब्रुसेलाची लस जिवंत असते, ती टोचली तर माणसालाही तो ताप येऊ शकतो. त्यावर गोळ्या आहेत, पण कधी आणि काय टोचलं ते डॉक्टरांना सांगावं लागतं. दर बकरीला नवी सुई घ्या, आणि वापरलेल्या गोठ्याच्या कुडात खोचून ठेवू नका, तुमची नातवंडं तिथेच खेळतात. त्यांनाही वेगळी बाटली करा आणि भरली की पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून द्या.