वाचकांचे प्रश्न : इटालियन बाईक सांभाळताना

प्रश्न : वापरलेली डुकाटी ७४८ घ्यायची इच्छा आहे. पण 'दिसायला देखणी, चालवायला बेभरवशाची' असं सगळेच सांगतात. कितपत खरं?

उत्तर : इंजिन दणकट आहे. त्याला बदनाम करतं ते मालकाचं दुर्लक्ष, आणि त्यात पहिला नंबर टायमिंग बेल्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात उघड-बंद करणाऱ्या पट्ट्याचा. या इंजिनात दोन रबरी बेल्ट असतात. ते दोन वर्षांनी किंवा सुमारे २०,००० किलोमीटरला, जे आधी येईल तेव्हा बदलायचे. गाडी फक्त ५०० किलोमीटर चालली असली तरी दोन वर्षांचा नियम सुटत नाही. उभ्या गाडीत बेल्ट पुलीवर एकाच ठिकाणी वाकून राहतो आणि तिथेच चिरतो. बेल्ट तुटला किंवा दात सरकला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. मग व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनही जातो. म्हणून विक्रेत्याकडे बेल्टचं बिल मागा. तारखेचा पुरावा नसेल तर बेल्ट बदलायचेच आहेत असं धरून भाव ठरवा, आणि बदलेपर्यंत गाडी चालवू नका. बदलताना दोन्ही बेल्ट एकदम बदला, बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या पुली हाताने फिरवून बेअरिंग खरखरतं का तेही पाहा.

दुसरं, व्हॉल्व्हचं काम. डुकाटीच्या डेस्मो रचनेत व्हॉल्व्ह बंद करायलाही स्प्रिंगऐवजी रॉकरच (छोटी तरफच) असतो, त्यामुळे उघडण्याचा आणि बंद होण्याचा असे दोन्ही गॅप मोजून शिम (गॅप जुळवणारे धातूचे छोटे तुकडे) बदलावे लागतात. वेळ जातो, म्हणूनच खर्च येतो. कव्हर उघडलेलंच असतं तेव्हा रॉकरच्या पृष्ठभागावरचं क्रोम सुटतंय का, हे मेकॅनिककडून नक्की पाहून घ्या. ७४८-९९६ च्या काळातल्या गाड्यांचा हा माहीत असलेला दोष आहे. सुटलेलं क्रोम तेलात फिरतं आणि कॅम (रॉकर ढकलणारा फिरता उंचवटा) खरवडतं.

बेल्टची कटकटच नको असेल तर ११९९ पानिगालेपासूनच्या सुपरक्वाड्रो इंजिनात साखळी आहे.

प्रश्न : बॅटरी नवी टाकली, तरी दोन आठवड्यांत बसते. बॅटरीच खराब निघाली का?

उत्तर : बहुधा नाही. आधी मल्टीमीटर लावा. गाडी रात्रभर उभी ठेवून मोजलं तर १२.६ व्होल्ट किंवा जास्त हवेत. इंजिन सुरू करून ३,००० ते ४,००० आरपीएमला १३.८ ते १४.५ च्या आसपास. १३ च्या खाली राहिलं तर चार्जिंग होत नाही, १५ च्या वर गेलं तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला आणि बॅटरी उकळतेय.

चार्जिंग कमी असेल तर स्टेटरच्या (इंजिनातल्या वीज तयार करणाऱ्या कॉइलच्या) पिवळ्या वायरींचा कनेक्टर काढून पाहा. तो तपकिरी किंवा वितळलेला दिसला तर दोष बहुतेक तिथेच सापडतो. सैल जोडणी तापते, तापली की आणखी सैल होते. वायरी तीन असतील (जुन्या मॉडेलात दोनच असतात) तर इंजिन चालू ठेवून दोन-दोनच्या जोडीत एसी व्होल्टेज मोजा, तिन्ही जोड्यांत सारखं हवं. इंजिन बंद करून कोणत्याही पिवळ्या वायरीचा बॉडीशी संपर्क दाखवला तर स्टेटर गेला. सगळं ठीक असेल तर रेग्युलेटर बदला. त्याला हवा लागेल अशी जागा द्या आणि इंजिनची अर्थ केबल घासून घट्ट बसवा.

प्रश्न : न्यूट्रलमध्ये क्लच लिव्हर दाबला की खडखडाट होतो. काही मोडलंय का?

उत्तर : ड्राय क्लच असेल तर मोडलेलं काही नाही. तेलाशिवाय फिरणाऱ्या प्लेट्स सैल झाल्या की वाजतातच. गाडी जागेवरून सुटताना मात्र क्लच झटके देत असेल, तर बास्केटच्या (प्लेट्स बसतात त्या डब्याच्या) कडांवर प्लेटच्या दातांचे खड्डे पडले आहेत का ते पाहा. बास्केट आणि प्लेट्स एकत्रच बदलाव्या लागतात. लिव्हर मऊ पडला आणि न्यूट्रल सापडेना, तर मात्र डाव्या बाजूचा क्लच स्लेव्ह सिलेंडर (द्रवाच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग) तपासा. त्याच्या रबरी सीलमधून द्रव गळतो. सील बदलून डॉट ४ द्रव (ब्रेकला लागतो तोच) नवा भरा आणि हवा काढा. वर्षातून एकदा द्रव बदलला की सीलही जास्त टिकतं.